सॅकेडच्या मॉडेलमधले दोन इंटिग्रेटर: नजर धरणारा आणि झेप मोजणारा

सॅकेड म्हणजे नजरेची झेप. तिच्या मॉडेलच्या आकृतीत इंटिग्रेटरचा, म्हणजे आलेल्या सिग्नलची सतत बेरीज करणाऱ्या भागाचा, चौकोन बहुतेक वेळा दोनदा दिसतो. दोन्हींना इनपुट एकच, ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) बर्स्ट न्यूरॉन्सचा, म्हणजे झेपेपुरता सिग्नलचा मारा करणाऱ्या पेशींचा, सिग्नल. मग एका चौकोनात भागवायला काय हरकत, असं वाटतं. पण तसं केलं की मॉडेल नको तिथे अडकतं.

पहिला इंटिग्रेटर झेप संपल्यावर नजर जागेवर धरून ठेवतो. 10 अंशांची झेप 45 मिलिसेकंदांच्या आसपास उरकते, पण डोळ्याभोवतीच्या ऊती त्याला सतत मध्याकडे खेचत असतात. डोळ्याचा कालस्थिरांक (एखादी गोष्ट विरत विरत सुमारे 37 टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) 150 मिलिसेकंद धरला आणि वेग सेकंदाला 400 अंशांवर असला, तर त्या क्षणी नुसत्या वेगासाठी 0.15 × 400, म्हणजे डोळा 60 अंशांवर धरून ठेवायला लागेल तेवढा जोर लागतो. पोहोचल्यावर धरून ठेवायला मात्र 10 अंशांपुरता जोर पुरतो. वेगाचा भाग म्हणजे पल्स, धरण्याचा भाग म्हणजे स्टेप. पल्सची बेरीज करून स्टेप बनवणं हे या इंटिग्रेटरचं काम. आडव्या हालचालींसाठी ते मुख्यतः ब्रेनस्टेममधल्या दोन पेशीसमूहांत, न्यूक्लियस प्रिपॉझिटस हायपोग्लॉसी आणि शेजारच्या मेडियल व्हेस्टिब्युलर न्यूक्लियसमध्ये चालतं.

हा इंटिग्रेटर थोडा गळका असतो. कालस्थिरांक 25 सेकंद असेल, तर 30 अंशांवर धरलेली नजर सुरुवातीला सेकंदाला 1.2 अंशांनी घसरते. अंधारातच जाणवेल इतपत. लहान मेंदूतला फ्लॉक्युलस नावाचा भाग बिघडून कालस्थिरांक 2 सेकंदांवर आला, तर घसरण सेकंदाला 15 अंशांवर जाते. नजर मध्याकडे सरकते, झेप तिला परत बाहेर नेते, पुन्हा सरकते: नजरेच्या या हेलकाव्यांना निस्टॅग्मस म्हणतात.

दुसरा इंटिग्रेटर झेप चालू असतानाच कामाला येतो. डोळ्यांनी पाहून चूक सुधारायला वेळच नसतो, दृश्य माहितीवर नवी झेप सुरू व्हायलाच 200 मिलिसेकंद लागतात. म्हणून 1975 मध्ये संशोधक डेव्हिड रॉबिन्सन यांनी ब्रेनस्टेमच्या आतच फीडबॅक मांडला, म्हणजे डोळा कुठवर गेला याचा आतला अंदाज बर्स्ट न्यूरॉन्सकडे परत येतो आणि लक्ष्य गाठलं की बर्स्ट थांबतो. याला बळ मिळालं संथ सॅकेडच्या रुग्णांमुळे. असे रुग्ण असलेली कुटुंबं 1971 मध्ये मुंबईच्या नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी वर्णन केली होती. 1976 मध्ये झी आणि सहकाऱ्यांनी अशाच संथ सॅकेडच्या रुग्णांत दाखवलं की लक्ष्य हललं तर झेप मध्येच वळवता येते. आधीच ठरलेली, ठरावीक लांबीची पल्स असती तर हे जमलं नसतं.

रॉबिन्सन यांनी फीडबॅक पहिल्याच इंटिग्रेटरकडून घेतला होता. युर्गेन्स, बेकर आणि कोर्नहुबर यांनी 1981 मध्ये त्यासाठी वेगळा इंटिग्रेटर मांडला, जो फक्त या झेपेत किती अंतर कापलं ते मोजतो आणि नंतर ट्रिपमीटरसारखा शून्यावर येतो. मला हेच जास्त पटतं, कारण झेपेचा हुकूम देणाऱ्या सुपीरियर कॉलिक्युलस या मेंदूच्या भागाचा हुकूमही ‘अमुक जागी जा’ असा नसून ‘इतकं सरक’ असाच असतो.

शून्यावर येणं मात्र एका क्षणात होत नाही. माकडांवरच्या प्रयोगांवरून त्याचा कालस्थिरांक सुमारे 50 मिलिसेकंद दिसतो. 10 अंशांच्या झेपेनंतर 50 मिलिसेकंदांनी 3.7 अंश शिल्लक राहतात. त्याच क्षणी कॉलिक्युलसला विद्युत उत्तेजन देऊन त्याच दिशेला 10 अंशांची झेप मागितली, तर हिशेबाने 6.3 च मिळेल. उलट दिशेला मागितली, तर 13.7. एरवी दोन झेपांत 200 मिलिसेकंदांचं अंतर असतं, तोवर शिल्लक 0.2 अंशांवर येते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

सिम्युलेशनमधलं वायरिंग तपासायचं असेल, तर पहिल्या इंटिग्रेटरचा कालस्थिरांक मुद्दाम 0.2 सेकंद करा. झेप लक्ष्याजवळ पोहोचून मग मागे घसरली, तर वायरिंग ठीक. बर्स्ट थांबायचं नावच घेत नसेल, तर फीडबॅक चुकीच्या चौकोनातून घेतला आहे. आणि हे दोन्ही ठीक असूनही झेपेच्या शेवटी नजर थरथरत असेल, तर फीडबॅकमधला विलंब तपासा. काही मिलिसेकंद जास्त झाले तरी लूप डोलायला लागतो.