पिक्सेल मॉड्यूल : आधी तपासा, मग जोडा

इंदुरात कॅट रोडवरच्या मराठी मंडळींशी सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेचा विषय काढा, गप्पा जॅकवर येतात. रास्तच आहे. तिथल्या महाकाय हॅड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात तीस टनांहून जड चुंबक ज्या 7080 जॅकवर बसलेत, त्यांचा आराखडा इथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा. एवढं धूड 50 मायक्रॉनपर्यंत नेमकं सरकवायचं होतं. पण ज्या टकरींसाठी हा खटाटोप, त्या सिलिकॉनच्या सूक्ष्म चौकटींनी टिपणाऱ्या पिक्सेल डिटेक्टरबद्दल इथे फारसं बोललं जात नाही.

1980 मध्ये योजेफ केमर यांनी चिप बनवण्याची प्लेनर रीत सिलिकॉन डिटेक्टरला लावली आणि बारीक पट्ट्यांचे डिटेक्टर आवाक्यात आले. या पट्ट्यांची अडचण साध्या हिशेबाची. आडव्या-उभ्या पट्ट्यांवर एकाच वेळी दहा कण आले, तर छेदबिंदू शंभर. त्यातले नव्वद खोटे. गर्दीत पट्ट्यांऐवजी चौकटीच हव्यात. सीसीडी (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या चिप्स) वापरून पाहिले गेले, पण ते वाचायला वेळ फार लागे. मग सर्नमध्ये आरडी-19 गटाने नव्वदच्या दशकात वेगळी वाट धरली: सेन्सर एक, वाचणारी चिप दुसरी, आणि प्रत्येक पिक्सेलखाली धातूचा सूक्ष्म ठिपका ठेवून दोन्ही जोडायच्या. हेच बंप बाँडिंग.

खरी कसोटी इथे लागली. अ‍ॅटलास या सर्नच्या प्रयोगातल्या पहिल्या पिक्सेल डिटेक्टरमध्ये एका मॉड्यूलला (सेन्सर आणि चिप्स जोडून झालेल्या तुकड्याला) 16 चिप्स, 46,080 पिक्सेल आणि जवळपास तितकेच बंप. अशी 1744 मॉड्यूल. समजा, शंभरातल्या 95 चिप्स चांगल्या आहेत. न तपासता 16 उचलल्या, तर सगळ्या चांगल्या निघण्याची शक्यता जेमतेम 44 टक्के. माझ्या मते मॉड्यूलच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. म्हणून वेफर (चिप्स जिच्यावर बनतात ती सिलिकॉनची चकती) कापण्याआधीच सुया टेकवून चिप पारखायची, सेन्सरवर व्होल्टेज चढवत गळती करंट पाहायचा, आणि मगच जोडणी. जोडल्यावरही सुटका नाही. वायर बाँड (जोडणीच्या बारीक तारा) ओढून पाहतात, थंड-गरम फेरे देतात (किरणोत्साराने झिजलेला सेन्सर शून्याखालीच नीट चालतो), शेवटी किरणोत्सारी स्रोत धरून मुका पिक्सेल हुडकतात. न जुळलेला बंप तिथेच उघडा पडतो.

अ‍ॅलिस या सर्नच्याच प्रयोगाने पुढे बंपच काढून टाकला. इंदूर आयआयटीही या प्रयोगात आहे. प्रयोगाच्या नव्या ट्रॅकरमध्ये (कणांचा माग काढणाऱ्या डिटेक्टरमध्ये) सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच सिलिकॉनवर आहेत. सुमारे 10 चौरस मीटरांत 12.5 अब्ज पिक्सेल. तपासणी मात्र टळली नाही. आतल्या थरांतल्या चिप्स 50 मायक्रॉनपर्यंत तासलेल्या, उचलतानाही तडकतील अशा. त्यामुळे तासून, कापून झाल्यावर एकेक चिप पुन्हा सुयांखाली जाते.