कोची शहरदर्शन : सहलीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या केरळ सहलीत कोचीसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवलेला आहे. येथील प्रेक्षणीय स्थळे एकमेकांपासून फार लांब नाहीत. मात्र दमट हवा, दुपारचे ऊन आणि प्रत्येक वास्तूचा सुट्टीचा वेगळा वार यांमुळे ती कोणत्या क्रमाने पाहावीत, याला महत्त्व येते. हा क्रम आम्ही कसा लावला आहे, ते आपणास निघण्यापूर्वी कळावे, यासाठी हे पत्रक.

सकाळी सर्वप्रथम फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरील चिनी जाळी पाहावयाची आहेत. लाकडी वाशांच्या उंच सांगाड्याला टांगलेले भलेमोठे जाळे चार-पाच कोळी मिळून पाण्यात उतरवतात आणि काही मिनिटांनी दोर ओढून वर घेतात. त्या वेळी मागे दोरांना बांधलेले मोठमोठे दगड खाली येत जाऊन जाळ्याचे वजन तोलतात. दर वेळी भरपूर मासळी मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. पाहण्यासारखी आहे ती ही दगडांची युक्ती. हा किनारा अरुंद असल्याने येथे पोहण्याचा बेत करू नये. समुद्रस्नानाची हौस असणाऱ्यांसाठी वायपीन बेटावरील चेराई किनारा अधिक योग्य असून त्यासाठी वेगळा अर्धा दिवस हाताशी हवा.

तेथून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट फ्रान्सिस चर्च आहे. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये उभारलेल्या लाकडी चर्चच्या जागी पुढे पक्के बांधकाम झाले. 1524 मध्ये कोचीत मरण पावलेल्या वास्को द गामाला प्रथम येथेच पुरण्यात आले होते. नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले, तरी थडग्याची जागा कठडा घालून राखलेली आहे. बहुतेक पर्यटक तेवढे पाहून बाहेर पडतात. आपण मात्र मान वर करून छताखालचे लांबलचक कापडी पंखेही अवश्य पाहावेत. विजेच्या आधीच्या काळात प्रार्थना चालू असताना ते बाहेरून दोरीने ओढले जात.

ऊन चढू लागले की मट्टनचेरीकडे निघावयाचे, कारण तेथील दोन्ही मुख्य वास्तू छताखाली पाहता येतात. मट्टनचेरी राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला भेट दिला आणि पुढे डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून त्याला ‘डच राजवाडा’ असेही म्हणतात. बाहेरून तो अगदी साधा वाटतो. परंतु राजाच्या शयनगृहातील भिंतींवर दशरथाच्या यज्ञापासून पुढचे रामायण रंगवलेले आहे आणि त्यासाठी घाई न करता किमान अर्धा तास द्यावा, असे आम्ही आवर्जून सुचवतो. जवळच 1568 मध्ये बांधलेले परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. तेथे पादत्राणे बाहेर काढावी लागतात, आणि ते बरेच आहे, कारण पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हाताने रंगवलेल्या असून एकीसारखी दुसरी नाही, असे सांगतात.

राजवाडा शुक्रवारी आणि सिनेगॉग शनिवारी बंद असते. म्हणून कोचीचा दिवस आम्ही रविवार ते गुरुवार यांपैकीच ठेवतो. एखाद्या गटाला शुक्रवार किंवा शनिवार एवढाच पर्याय उरला, तर शनिवार घ्यावा. आमच्या मते राजवाड्यातील भित्तिचित्रे चुकवू नयेत.

संध्याकाळी कथकलीचा प्रयोग आहे. कलाकारांची रंगभूषा प्रेक्षकांसमोर होते, त्यामुळे प्रयोगाच्या तासभर आधी पोहोचावे. परतताना शक्य असेल तेथे आम्ही 2023 मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या वातानुकूलित बोटीने एर्नाकुलमच्या, म्हणजे मुख्य भूमीवरील शहराच्या बाजूस येतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. जूनपासून पावसाचा जोर असतो, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर गडगडाटी सरी येतात; या महिन्यांतील सहलींसाठी छत्री आणि चटकन वाळणारे कपडे सोबत घ्यावेत. वाराबाबत किंवा चेराईच्या वाढीव अर्ध्या दिवसाबाबत बदल हवा असल्यास तो कृपया नोंदणीच्या वेळीच कळवावा.