सागाच्या पेनावरचं सोनं एका उन्हाळ्यात कुठे गेलं?

मामा रिटायर झाले तेव्हा मी त्यांना नागपूरच्या लकडगंजातून आणलेल्या सागाच्या तुकड्याचं पेन लेथवर करून दिलं. क्लिप, रिंग, टोक असं धातूचं सामान तयार मिळतं, त्यावर '24 कॅरेट' लिहिलेलं होतं म्हणून मुद्दाम तेच महागाचं घेतलं. दिवाळीत दिलेलं पेन जूनमध्ये परत हातात आलं, लाकूड मस्त, हात लागून लागून अजूनच चमकदार झालेलं, पण क्लिपचं टोक पांढरं पडलं होतं अन् बोटं धरतो तिथल्या रिंगवर हिरवट डाग. मामा काही बोलले नाही, मलाच लय वाईट वाटलं.

इतवारीत ओळखीच्या सोनाराकडे भिंगाखाली बघितलं तर टोकावर तीन रंग होते, कडेला सोनेरी, आत चंदेरी अन् मधोमध पिवळा-लालसर ठिपका. सोनं, त्याखाली निकेल, त्याखाली पितळ. निकेल मधे घालतात कारण पितळेतलं तांबं हळूहळू वरच्या सोन्यात शिरतं अन् रंग काळवंडतो.

आता सोन्याचा थर किती, तर अशा सामानावर बहुतेक वेळा अर्धा मायक्रॉनसुद्धा नसतो. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड, म्हणजे त्याच्या शंभराव्या भागाहूनही पातळ! त्यात 24 कॅरेट म्हणजे शुद्ध, अन् शुद्ध सोनं मऊ, म्हणूनच दागिना 22 कॅरेटचा करतात. शर्टाच्या खिशात क्लिप रोज कापडावर घासणार, तर हे सोनं टिकेल कसं? मुलाम्यात अगदी थोडं, एक टक्क्याहूनही कमी कोबाल्ट मिसळलं तरी तो बराच कडक होतो, म्हणून कॅरेटचा आकडा बघून मुलामा किती टिकेल ते कळतच नाही.

हिरवट डागाचं कारण वेगळं, ते घामाचं. इतक्या पातळ थराला बारीक छिद्रं राहतातच. आपल्याकडे मे महिन्यात घाम आला की लगेच वाळतो अन् शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, तेच मीठ अन् घामातलं लॅक्टिक अॅसिड छिद्रातून खाली उतरतं. सोनं गंजत नाही पण ओल्या मिठात त्याला निकेल-पितळ चिकटलेलं असलं की छोटी बॅटरीच तयार होते अन् झीज सगळी खालच्या धातूची होते. तांब्याचे क्षार वर आले की हिरवं दिसतं.

सोनेरी रंगच हवा असेल तर टायटॅनियम नायट्राइडचं कोटिंग घ्या. हार्डवेअरच्या दुकानात पिवळे ड्रिल बिट असतात ना, त्यांच्यावर बहुधा हेच असतं, निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ अन् नायट्रोजन मिळून बसवतात, सोन्याच्या मुलाम्यापेक्षा कितीतरी पट कडक. पांढरं चालत असेल तर रोडियम, सोनार व्हाइट गोल्डच्या अंगठीला रोडियम पॉलिश करतात तेच, नाहीतर सरळ क्रोम. अन् कृपा करून मुलाम्यावर टूथपेस्ट घासू नका, त्यात घासणारी पावडर असते. मऊ सुती कापडाने घाम पुसला तरी पुष्कळ.

मामांच्या पेनाची क्लिप अन् रिंग दाबून बसवलेली होती, ती हळूच ठोकून काढली. सागाची नळी तीच ठेवलीय, टायटॅनियमवालं सामान आलं की या रविवारी बसवतो.