आडोसा पानांचा

शेजारी नवी इमारत उभी राहते, तिच्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी नेमकी आपल्या परसात डोकावते आणि माणूस रोपवाटिका गाठतो. येताना बहुतेकांच्या गाडीत अशोकाची दहा-बारा रोपं असतात. (हा खरा अशोक नव्हे. सीतेचा अशोक शेंगांच्या कुळातला, हा सीताफळाच्या.) तो सरळसोट वाढतो, जागा कमी खातो, बारा महिने हिरवा असतो. पण दाटीने लावला की काही वर्षांत खालच्या फांद्या वाळू लागतात. गॅलरी झाकली जाते. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र खोडांमधून तुमची कपबशीसुद्धा दिसते.

यात झाडाचा साधा हिशेब आहे. सावलीतलं पान जेवढी साखर बनवतं त्याहून जास्त स्वतःच खर्च करू लागलं, की झाड त्याला पोसत नाही. शिवाय शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या कोंबांना, दबवून ठेवतं. शेंडा खुडला की ते फुटतात, हे माळ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. २०१४ साली ऑस्ट्रेलियात वाटाण्याच्या रोपांवर झालेल्या प्रयोगांतून याची आणखी एक बाजू पुढे आली: वाढणारा शेंडा साखर ओढून घेत असतो, तो गेला की ती साखर खालच्या डोळ्यांकडे वळते, आणि ऑक्सिन ओसरण्याआधीच ते जागे होतात.

म्हणून कुंपणाचं रोप गुडघ्याएवढं असतानाच खुडायचं. जिवावर येतं, पण उंची गाठल्यावर खुडून बुंध्याशी दाटी येत नाही. छाटताना वरची बाजू अरुंद आणि खालची रुंद ठेवली, तर ऊन तळापर्यंत पोचतं.

दुसरा हिशेब पाण्याचा. सदाहरित झाडाचीही पानं गळतात, फक्त सगळी एकदम नाही. देशावर पाऊस चार महिने; उरलेल्या काळात पान धरून ठेवायचं म्हणजे पाणी खर्चणं आलं. पांगारा आणि गिरिपुष्प हा खर्च टाळतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडे पडतात. बांधावर ते छान, आडोशाला नाहीत.

कामिनी, म्हणजेच कुंती, दाट वाढते, छाटणी सोसते आणि रात्री घमघमते. पण ती लिंबाच्या कुळातली. संत्रा-मोसंबीवर ग्रीनिंग रोग पसरवणारा सिट्रस सायला हा बारीक किडा तिच्या कोवळ्या फुटीवर मजेत वाढतो. नागपूर किंवा जालन्याकडे बागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी तिचा मोह टाळलेला बरा. झपाट्याने वाढणारा कोनोकार्पस तर नकोच. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

कोयनेल मात्र भरवशाची. मुळात किनाऱ्यावरची असल्याने खारं पाणीही सोसते, आणि फांदी खोचली तरी जगते. अडुळसाही तसाच, शिवाय शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

माझं मत विचाराल तर करवंद. जाड, चकचकीत पानं पाणी जपून वापरतात आणि जाळी बुंध्यापासून भरते. सारखं छाटलं तर फळं कमी येतात, हे खरं. आणि छाटायला येणाऱ्या माळ्याला जाड हातमोजे तुम्हालाच द्यावे लागतील.