रोजहप्ता कर्ज

रोजहप्ता कर्ज : भाजी, फळे, मासळी, फुले, तयार कपडे अशा मालाच्या किरकोळ विक्रेत्याला खेळत्या भांडवलासाठी विनातारण दिलेले आणि रोजच्या गल्ल्यातून फेडायचे अल्पमुदतीचे कर्ज. बाजारात त्याला ‘डेली’ म्हणतात. देणारा तो ‘फायनान्सवाला’. प्रस्तुत नोंद ठाणे व नवी मुंबई येथील व्यवहारापुरती आहे. (पहा : पतसंस्था, बचत गट, भिशी).

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. पहिले मत ती मुंबई इलाख्यातील किस्तीच्या सावकारीतून आली असे मानते. औद्योगिक कामगारांचा कर्जबाजारीपणा व पठाण सावकारांची दांडगाईची वसुली यांची दखल शाही मजूर आयोगाने (१९२९–३१) घेतली होती. मात्र ती वसुली पगाराच्या दिवसाला बांधलेली असे. गिरणीच्या दारात महिन्यातून एकदा उभे राहणारा सावकार आणि रोज संध्याकाळी गाडीपाशी येणारा वसुलीवाला यांत साम्य आहे ते तारण न घेण्यापुरतेच.

दुसरे मत पिग्मी ठेवीकडे बोट दाखवते. उडुपी येथे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने (पुढे सिंडिकेट बँक, २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन) १९२८ मध्ये दारोदार जाऊन रोज दोन आण्यांपासून ठेव गोळा करण्याची योजना सुरू केली. महाराष्ट्रातील पतपेढ्यांनी हीच रीत उचलली. पतपेढीचा पिग्मी एजंट आणि डेलीचा वसुलीवाला एकाच वेळी, एकाच गल्लीतून, जवळजवळ सारखेच कार्ड घेऊन फिरतात, हे या मताचे बलस्थान. पण पिग्मीत पैसा आधी साठतो आणि त्या ठेवीवर नंतर कर्ज मिळते. डेलीत क्रम उलटा आहे.

तिसरे मत तमिळनाडूतील ‘तंडल’ या प्रथेचे. अवाजवी व्याजाला प्रतिबंध करणाऱ्या त्या राज्याच्या २००३ च्या कायद्यात तंडलची व्याख्याच दिलेली आहे : व्याज आगाऊ कापून घ्यायचे आणि उरलेली वसुली रोजच्या हप्त्यांनी करायची. कापून देणे व रोज घेणे ही दोन्ही लक्षणे वरील तिन्हींपैकी येथेच एकत्र आढळतात, म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात २००३ हे कायद्यात नोंद होण्याचे वर्ष आहे. प्रथा त्याहून बरीच जुनी असणार.

पाठ्यपुस्तके लघुकर्जाचा आरंभ बांगलादेशातील जोब्रा गावी १९७६ मध्ये मुहम्मद युनूस यांनी केलेल्या प्रयोगापासून धरतात (ग्रामीण बँक, १९८३). अहमदाबादची सेवा बँक (१९७४) व प्रेमा पुरव यांचे मुंबईतील अन्नपूर्णा महिला मंडळ (१९७५) ही उदाहरणे त्याआधीची आहेत. परंतु ही सारी संस्थात्मक परंपरा झाली. रोजहप्ता कर्ज तिच्यातून निघालेले नाही.

रचना : सर्वांत रूढ नमुना शंभर दिवसांचा. चिठ्ठीवर १०,००० रु. लिहितात, हजार कापून ९,००० हातात देतात आणि रोज १०० प्रमाणे १०० दिवस वसूल करतात. कापलेल्या हजाराला कोठे व्याज, कोठे ‘फाइल चार्ज’ म्हणतात. जामीन म्हणून शेजारचा गाळेवाला आणि एक-दोन सह्या केलेले कोरे धनादेश पुरतात. हप्ता दिला की कार्डावर तारखेच्या चौकटीत सही होते. यूपीआयने हप्ता दिला तरी ही सही घ्यावी. पैसे बहुधा वसुलीवाल्याच्या खासगी खात्यावर जातात आणि हिशेबाचा वाद उठला की कार्डच पुढे येते.

‘शेकडा दहा’ असा या कर्जाचा बोलबाला असतो. तो फसवा आहे. मुद्दल रोज कमी होत जाते, त्यामुळे कर्जदाराकडे सरासरीने निम्मीच रक्कम वापरायला असते, तीही वर्षभर नव्हे तर १०० दिवस. ९,००० हातात व १०० चे १०० हप्ते असा हिशेब मांडल्यास दर दिवसाला सुमारे ०.२१ टक्के, म्हणजे चक्रवाढ न धरता वर्षाला ७७–७८ टक्के पडतो. बँकेच्या व्याजाशी तुलना करायची ती या आकड्याची.

खरी मेख नूतनीकरणात आहे. सत्तरेक हप्ते झाले की फायनान्सवाला स्वतःहून ‘पुन्हा दहा घे’ म्हणतो. नव्या १०,००० मधून हजार कापले जातात, जुने उरलेले ३० हप्ते म्हणजे ३,००० वळते होतात आणि हातात ६,००० येतात. आता खरे नवे कर्ज काय मिळाले ते पाहावे. पुढचे तीस दिवस तो रोज १०० देणारच होता. नवी भर पडली ती १०१ व्या दिवसापासून १७० व्या दिवसापर्यंतच्या ७,००० रुपयांची आणि त्या बदल्यात आज मिळाले ६,०००. हा दर वर्षाला ८६–८७ टक्के येतो. कारण दोन : कपात पूर्ण १०,००० वर होते, नवी रक्कम मात्र ७,००० चीच असते, आणि जुन्या तीस हप्त्यांत आधीच भरलेले व्याज परत मिळत नाही. तीस दिवस थांबून पहिले कार्ड पुरे केले, तर तेच १०,००० जुन्या दराने मिळतात.

खाडा : हप्ता चुकणे. एखाद-दुसरा खाडा चालवून घेतात व मुदत तितकी लांबते. दर खाड्यामागे दंड लावला, तर वरचा हिशेब झपाट्याने बिघडतो. खाड्याची कारणे ठरलेली असतात : पालिकेच्या अतिक्रमण विभागाच्या गाडीने माल उचलणे, मुसळधार पावसाचे दिवस, घरचे आजारपण. रेल्वे स्थानकाबाहेर बसणाऱ्यांना पहिला धोका अधिक. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर स्थानकापासून १५० मीटरपर्यंतचा पट्टा फेरीवाल्यांसाठी बंद धरला जातो, आणि गिऱ्हाईक तर तिथेच असते.

इतक्या महाग पैशावर धंदा कसा चालतो? भांडवल रोज फिरते म्हणून. भाजीवाला पहाटे वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत माल उचलतो (भाजीपाला व फळांचे घाऊक बाजार १९९० च्या दशकात मुंबईतून येथे आले) आणि रात्रीपर्यंत जांभळी नाक्यावर किंवा कोपरखैरण्यात विकून रोकड करतो. समजा, ४,००० च्या मालावर सडका-वाळका वजा जाता ६०० सुटले, तर शंभराचा हप्ता त्यातून निघतो. तोच पैसा कपड्यांच्या गाडीवर गुंतवला, तर माल दोन-तीन आठवडे पडून राहतो आणि हप्ता मुद्दलातून जाऊ लागतो. डेली बुडते ती बहुधा अशा धंद्यात, किंवा ते पैसे लग्न, दवाखाना, खोलीची अनामत यांत गेल्यावर. मासळीवाल्यांचे गणित आणखी निराळे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण येतो. एप्रिल-मेमध्ये सुक्या बोंबील-सोड्यांचा साठा करण्यासाठी घेतलेले कर्ज शंभर दिवसांच्या कार्डात बसत नाही.

कायदा : महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे. शेतकरी नसलेल्या कर्जदाराला विनातारण कर्जावर शासनाने ठरवलेला कमाल दर वर्षाला १८ टक्के आहे. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही, हा दामदुप्पटीचा जुना नियमही या अधिनियमात आहे. पण दर नूतनीकरणात जुनी बाकी नव्या मुद्दलात मिसळत असल्याने तो कागदावर कधी मोडलेला दिसतच नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची असते. नोंदणीकृत बँकेतर वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणून कार्डावरचे ‘फायनान्स’ हे नाव पाहून थांबू नये. रिझर्व्ह बँकेची नोंदणी आहे का, हे तिच्या संकेतस्थळावरील यादीत तपासता येते.

संस्थात्मक पर्याय : पीएम स्वनिधी ही पथविक्रेत्यांसाठीची योजना १ जून २०२० रोजी सुरू झाली. प्रारंभी टप्पे १०,०००, २०,००० व ५०,००० रुपयांचे होते. २०२५ मधील फेररचनेत पहिले दोन १५,००० व २५,००० झाले आणि योजनेला मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली. पहिला टप्पा बारा महिन्यांत फेडायचा असून व्याजावर ७ टक्के अनुदान आहे. बँकेचा दर १२ टक्के धरला, तर १५,००० चा मासिक हप्ता सुमारे १,३३३ रु. व वर्षाचे व्याज सुमारे ९९३ रु. पडते, त्यातील अंदाजे ५८० रु. अनुदानाने परत येतात. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही.

त्यासाठी महापालिकेचे विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र लागते. सर्वेक्षणात नाव सुटले असल्यास पालिकेचे शिफारसपत्र चालते. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा किरकोळ बाबींवर. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असतो, किंवा आधार व पासबुकावरील नावात फरक असतो. अनुदान खाते नियमित असेपर्यंतच मिळते. क्यूआरची विक्री व कर्जाचा हप्ता एकाच खात्यावर असला, तर सकाळच्या मालखरेदीत शिल्लक संपते, हप्ता परततो आणि वर बँकेचा दंड बसतो. हप्त्यासाठी दुसरे बचत खाते ठेवून त्यात रोज ४५ रुपये टाकले, की महिन्याला १,३५० जमतात.

लघुवित्त कंपन्यांची गटकर्जे कळवा, मुंब्रा, दिवा, तुर्भे या भागांत रुळली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार हे कर्ज वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण मिळते आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. ही मर्यादा तपासतात पतमाहिती कंपन्यांच्या नोंदींवरून. डेलीचे कार्ड तिथे दिसत नाही, त्यामुळे रोज दोन कार्डे भरणारी बाईही कागदावर कर्जमुक्त ठरते.