बॉइनची लढाई नेमकी कोणत्या तारखेची?

उत्तर आयर्लंडमध्ये १२ जुलैला सार्वजनिक सुट्टी असते. ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या मिरवणुका निघतात, ढोल-बासऱ्या वाजतात. आयर्लंडमधल्या बॉइन नदीकाठी इंग्लंडचा प्रोटेस्टंट राजा तिसरा विल्यम याने पदच्युत कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला हरवलं, त्या विजयाचा हा स्मरणदिन. पण लढाई झाली त्या दिवशी तिथल्या कॅलेंडरवर १ जुलै १६९० ही तारीख होती. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस ११ जुलैला येतो. मग १२ आली कुठून?

ऋतुचक्राचं एक वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचं असतं. जुन्या ज्युलियन कॅलेंडरने ते ३६५.२५ धरलं होतं. म्हणजे वर्षाला जेमतेम ११ मिनिटं जास्त, पण तेवढ्यानेही साधारण १२८ वर्षांत एक दिवस चुकतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, २१ मार्चवरून ११ मार्चच्या आसपास सरकला होता. ईस्टरचा दिवस या संपातावरून ठरतो, त्यामुळे चर्चला गप्प बसणं शक्य नव्हतं. तेरावे पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. पुढे असं होऊ नये म्हणून शतकवर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष, असा नियम केला. हेच आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर.

ब्रिटन आणि आयर्लंडने ही सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली. तोवर १७०० साल येऊन गेलं होतं. ज्युलियन कॅलेंडरमध्ये ते लीप होतं, ग्रेगोरियनमध्ये नव्हतं, म्हणून फरक अकरा दिवसांचा झाला. २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. खरी गोम इथेच आहे. १६९० च्या घटनेला दहा दिवस मिळवायला हवेत, पण स्मरणदिनाला १७५२ चे अकरा मिळवले गेले. शिवाय १२ जुलै ही तारीख आधीपासूनच साजरी होत होती: त्याच युद्धातली, आयर्लंडमधल्या ऑख्रिमची भीषण लढाई जुन्या कॅलेंडरप्रमाणे १२ जुलै १६९१ ची. हळूहळू बॉइनचं नाव त्या दिवसाला चिकटलं आणि ऑख्रिम मागे पडलं. प्राणहानी ऑख्रिमला कितीतरी जास्त झाली होती, हे लक्षात घेतलं तर वाईट वाटतं.

अशा गुंत्यात वार फार उपयोगी पडतो, कारण दिवस गाळले तरी वारांचा क्रम तुटला नाही. २ सप्टेंबर १७५२ ला बुधवार होता आणि १४ ला गुरुवार. बॉइनची लढाई मंगळवारी झाली. ११ जुलै १६९० ला मंगळवार येतो. १२ ला येतो बुधवार.

हीच पडताळणी रायगडालाही लागू होते. राज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन ज्युलियन कॅलेंडर वापरत होता, आणि आपण सांगतो ती ६ जून १६७४ ही तारीख त्याच कॅलेंडरची आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १६ जून. वार दोन्हींत शनिवार, आणि तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६.