आवृत्ती वेगळी, पुनर्मुद्रण वेगळं : प्राणी-पक्ष्यांच्या पुस्तकांची यादी करताना

एकाच नावाची दोन पुस्तकं कपाटात निघाली की घरचे लगेच म्हणतात, एक ठेवा, दुसरं देऊन टाका. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका जंगलवेड्या काकांच्या संग्रहाची यादी करतोय, तिथंही हेच चाललंय. पण आधी बघायला पाहिजे की त्या दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत का एकाच आवृत्तीच्या दोन छपाया.

आवृत्ती म्हणजे मजकूर बदलला, भर घातली, चुका सुधारल्या. पुनर्मुद्रण म्हणजे आहे तेच परत छापलं, बदललं फक्त साल आणि फारतर कव्हर. प्रेटर यांचं भारतीय सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक घ्या, पहिली आवृत्ती 1948, दुसरी 1965, तिसरी 1971, आणि पुढं ही तिसरीच परत परत छापली गेली, त्यामुळं नंतरचं साल बघून कोणी ‘नवी आवृत्ती’ असं लिहिलं तर ते चूकच.

सगळ्यात मोठा घोळ ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या इंग्रजांच्या काळातल्या, इथल्या प्राणी-पक्ष्यांवरच्या मालिकेत होतो. पक्ष्यांचे पहिल्या आवृत्तीचे 4 खंड ओट्स आणि ब्लॅनफर्ड यांचे, 1889 ते 1898 मधले. दुसरी आवृत्ती 1922 ते 1930 मध्ये आली ती 8 खंडांची आणि लेखक स्टुअर्ट बेकर, म्हणजे आवृत्ती बदलली तसा लेखकच बदलला! आणि या मालिकेची पुनर्मुद्रणं पुढं दिल्लीतून निघाली. त्यावरचं साल तेवढं एक्सेलमध्ये टाकलं तर शंभर वर्षांपूर्वीची माहिती पन्नास वर्षांपूर्वीची वाटते, आणि कुठला पक्षी कुठं दिसायचा हे शोधणाऱ्याची पार दिशाभूल होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

ओळखायचं कसं? टायटल पानाच्या मागं बघा. परदेशी पुस्तकात तिथं 10 9 8 7 6 5 4 3 अशी आकड्यांची ओळ असते, त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवी छपाई, इथं तिसरी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सहसा नव्या आवृत्तीला नवा मिळतो, पुनर्मुद्रणाला जुनाच चालतो, फक्त 2007 पासून तो 13 आकडी झाला, तेवढा फरक धरू नका. मराठी पुस्तकात मात्र ‘चौथी आवृत्ती’ या शब्दांवर विसंबू नका हं, आपल्याकडं पुनर्मुद्रणालाही बिनधास्त आवृत्ती म्हणतात, त्यामुळं नवी प्रस्तावना आहे का आणि पानं वाढलीत का ते दोन्ही प्रती शेजारी ठेवूनच बघा.

यादीत आवृत्तीचं साल आणि छपाईचं साल असे दोन वेगळे रकाने ठेवा. वेगळ्या आवृत्त्या असतील तर दोन्ही ठेवायच्याच, आणि एकाच आवृत्तीच्या दोन छपाया असतील तर जादाची प्रत शाळेला खुशाल द्या, पण देण्याआधी पान न् पान चाळा, कारण गव्याच्या पानावर समासात पेन्सिलीनं ‘दाजीपूर, पिल्लासकट कळप’ असं, म्हणजे तिथल्या जंगलात स्वतः पाहिलेलं, लिहून तारीख टाकलेली असेल तर ती प्रत घरातून हलवायची नाही.